बावीस पूर्णांक चार लिटर हवा

भारत सरांनी हवा ठेवायला पत्र्याचा डबा करून घेतला, ही बातमी गावात पसरली तेव्हा कुणी ती फारशी मनावर घेतली नाही. दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं आणि माणसं काहीही करत होती. एकानं तळहातावर नारळ उभा करून बोअरची सहावी जागा शोधली होती. पाचही कोरड्या गेल्या होत्या आणि नारळ मात्र दर वेळी तोच होता. त्यामानानं हवेला डबा म्हणजे स्वस्तातलं वेड होतं.

सर घाटनांदूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे आणि चार किलोमीटरवरच्या आपल्या गावात राहायचे. मे महिन्यात बारावीला जाणाऱ्या पोरांचे जादा तास चालू होते. पहिल्याच आठवड्यात सरांनी साधं गणित घातलं. चार पूर्णांक चार ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, प्रमाण तापमानाला आणि दाबाला किती जागा व्यापेल? चव्वेचाळीस ग्रॅम म्हणजे एक मोल. म्हणून चार पूर्णांक चार ग्रॅम म्हणजे मोलचा दहावा हिस्सा. कुठल्याही वायूचा एक मोल बावीस पूर्णांक चार लिटर जागा घेतो, त्याचा दहावा हिस्सा काढला की झालं. अडतीस पोरांपैकी दोघांना जमलं. एकवीस जणांनी ग्रॅमलाच बावीस पूर्णांक चारनं गुणलं. एकानं ‘माहीत नाही लिटर’ असं लिहिलं होतं. उत्तराला एकक लावायचंच, हे सरांनी बजावून सांगितलेलं असल्यामुळे त्याला अर्धा गुण द्यावा की काय, यावर सर बराच वेळ विचार करत बसले.

मग त्यांच्या लक्षात आलं की पोरांनी ही जागा कधी डोळ्यांनी पाहिलेलीच नाही. बावीस पूर्णांक चार लिटर म्हणजे केवढं? पोतं? रांजण? तेव्हा एक चौकोनी डबा करायचा, वर्गात टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, बघा रे, हायड्रोजन घ्या नाहीतर क्लोरीन, एक मोल एवढ्यात मावतो. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी अठ्ठावीस पूर्णांक दोन सेंटिमीटर. सरांनी आकृती काढली आणि पत्र्याची भांडी करणाऱ्या धर्मराजकडे दिली.

धर्मराजचं नाव आलं की पाण्याचं सांगणं भाग आहे. गावाला दिवसाला एक टँकर मिळायचा. तो दूध उत्पादक सहकारी संस्थेच्या आवारातल्या सिमेंटच्या टाकीत रिकामा व्हायचा. टाकी मुळात दुधाचे कॅन धुवायला बांधलेली, पण धुवायला कॅन उरले नव्हते. संस्थेत दोन गट होते आणि वाटपाची शिट्टी दुसऱ्या गटाच्या हातात जाऊ नये, एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत होतं. म्हणून ती भारत सरांच्या गळ्यात पडली. सर कुठल्याच गटात नव्हते, हिशोबाला पक्के होते आणि मास्तर होते.

सरांच्या आजोबांना या गावात पाणी मिळायचं ते लांबून, वरून ओतलेलं. ओंजळ धरायची आणि ओतणाऱ्याच्या मनात असेल तितकं प्यायचं. नातवानं शिट्टी वाजवल्याशिवाय आता राधाकिशन पाटलाच्या घरचाही नळाला हात लागत नव्हता. सर हे कधी कुणाशी बोलले नाहीत. शिट्टीची दोरी मात्र ते रोज रात्री वाटीभर पाण्यात धुवायचे, आणि त्या दिवसांत वाटीभर पाणी म्हणजे चैन होती.

सरांनी पहिल्याच दिवशी नियम केला होता. घरं दोनशे चाळीस, टँकर दहा हजार लिटरचा. घरटी वीस लिटरचे दोन डबे, म्हणजे नऊ हजार सहाशे. वर चारशे लिटर शिल्लक, ते शाळेला. भांड्यांवरून भांडणं नकोत म्हणून संस्थेच्या पत्र्यातून धर्मराजकडून चारशे ऐंशी सारखे डबे करून घेतले. आकृती सरांचीच. त्याआधी संस्थेचे चेअरमन राधाकिशन पाटील पन्नास लिटरचा हंडा घेऊन रांगेत आले होते. सरांनी तो सगळ्यांदेखत परत पाठवला. हंडा परत गेला, पण चेअरमनच्या मनातून काही गेला नाही.

हिशोब इतका चोख होता की त्यात चूक निघणं शक्य नव्हतं. तरीही रोज शेवटची पंचवीस घरं बाकी असतानाच टाकी कोरडी पडायची.

दोनशे पंधराव्या घरापर्यंत धार लागायची, मग नळ फुसफुसायचा आणि बंद. शेवटच्या घरांत सुंदरबाई होत्या. वय सत्तर, घरात एकट्या. त्या रोज दोन डबे घेऊन दीड तास उन्हात उभ्या राहायच्या आणि रिकामे डबे घेऊन परत जायच्या. पुढच्या आळीतली केसरबाई तिच्या वाट्यातलं तांब्याभर देईल त्यावर त्यांचं चाललेलं.

“मास्तर, तुमचं गणित आमच्या दाराला येऊस्तोवर का आटतंय?” त्या विचारायच्या.

सर टाकीला भेग शोधायचे. नळाचा वायसर बदलून झाला. बाष्पीभवनाचा हिशोब करून झाला, तो दिवसाला दोन घागरींच्या वर जाईना. सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं टाकी वास्तूच्या चुकीच्या कोपऱ्यात आहे. कुणी म्हणालं डायवर वाटंत ढाब्यावर पाणी इकतोय. हे शेवटचं सरांना पटलं. त्यांनी रीतसर अर्ज केला. टँकर कमी पाणी आणतो, मापून द्यावा. एका कचेरीनं तो दुसरीकडे पाठवला, दुसरीनं अर्जासोबत टँकर जोडलेला नाही असा शेरा मारून परत केला, आणि सर पुन्हा पुन्हा खेटे घालत राहिले.

या धामधुमीत हवेचा डबा तयार झाला. सरांनी पट्टी लावून बघितली. बाहेरून जवळजवळ तीस सेंटिमीटर भरत होतं. दुमडलेल्या काठाचं असेल, असं धरून त्यांनी सोडून दिलं. पाणी भरून बघणं हा खरा उपाय होता, पण त्या मे महिन्यात डबा तपासायला वीस-बावीस लिटर पाणी ओतणाऱ्या माणसाला लोकांनी झाडाला बांधलं असतं.

डबा शनिवारी वर्गात न्यायचा होता. शुक्रवारी सर संध्याकाळी घरी आले तर तो न्हाणीच्या दाराशी काठोकाठ पाण्यानं भरलेला.

“शिवकन्या, हे काय?”

“पाणी,” त्यांची बायको म्हणाली.

“ते दिसतंय. यात हवा ठेवायची होती.”

“आपल्या एका डब्याची कडी निघाली. म्हणून हा नेला. हवा काय, घरभर हाय. पाणी कुठंय?”

“हा बावीस पूर्णांक चारचा आहे. नियम विसाचा आहे.”

“मग वरचं ओतून देऊ का मोरीत?” तिनं खरोखरच डब्याला हात घातला.

सरांच्या तोंडून “थांब!” एवढंच आलं. शनिवारी डबा वर्गात गेला नाही, कारण तो भरलेला होता. सोमवारी सकाळी निम्मा होता. टँकर आल्यावर पुन्हा भरला. कडी सांधायला दिलेला डबा धर्मराजकडेच पडून राहिला. सर रोज ठरवायचे की उद्या हा डबा रांगेतून काढायचा, आणि शिट्टी वाजवून लगेच घाटनांदूरला तरी पळायचे नाहीतर कुठल्यातरी कचेरीत. अशी नऊ दिवस एका मोलची जागा पाण्यानं अडवून ठेवली होती, आणि वर्गातली पोरं अजून ग्रॅमला बावीस पूर्णांक चारनंच गुणत होती.

दहाव्या दिवशी अर्जाला यश आलं. जीपमधून वजनमापे निरीक्षक पंडितसाहेब उतरले. सर तासावरून नुकतेच आले होते, खिशात खडू आणि प्रयोगशाळेतला तापमापक तसाच. साहेबांनी टँकरवर चढून टेप लावला, आत काठी घातली, खाली उतरले आणि टँकर टाकीत रिकामा होऊन वाटप सुरू होईपर्यंत कागदावर आकडे मांडत राहिले.

“दहा हजार बावीस लिटर. टँकर बरोबर आहे. उलट बावीस लिटर जास्तच आणतो.”

डायवरनं सरांकडे बघून सावकाश पानाची पिंक टाकली.

“मग पाणी जातं कुठं?” सर म्हणाले.

“मी सांगतो की,” मागून आवाज आला. राधाकिशन पाटील खुर्ची उचलूनच पुढे आले. “सायेब, पाणी कुठं मुरतंय ते लांब बघायची गरज न्हाई. ज्यानं अर्ज केला त्याच्या घरचा डबा मोजा. आमचा हंडा चालत न्हाई, आन ह्यांचा डबा सगळ्यापेक्षा मोठा हाय. माझ्या डोळ्यांनी बघतोय आठ दिस.”

शिवकन्या नुकतीच नळाखालून भरलेला डबा बाजूला सरकवत होती. दोनशे चाळीस घरांतली निम्मी माणसं एकदम तिच्याकडे वळली. सरांना वाटलं, आपल्या पायाखाली टाकीचं झाकण असतं तर बरं झालं असतं.

“डबा मोठा आहे,” ते म्हणाले. “मी नाकारत नाही. बावीस पूर्णांक चार लिटर. दोन पूर्णांक चार जास्त. तो मुळात हवेसाठी आहे.”

“हवेसाठी?” पंडितसाहेबांनी पेन थांबवलं.

सरांनी समजावलं. कुठल्याही वायूचा एक मोल शून्य अंश तापमानाला आणि नेहमीच्या दाबाला तेवढीच जागा घेतो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“हे बघा सर, मला एकच लिहायचं आहे. हे भांडं आहे की माप? भांडं म्हणत असाल तर तुम्ही जादा पाणी नेलं, तो तुमचा आणि गावाचा प्रश्न. माप म्हणत असाल तर त्यावर शिक्का नाही, आणि बावीस पूर्णांक चार असं माप आमच्या यादीतही नाही. तो माझा प्रश्न.”

“ते शैक्षणिक साहित्य आहे.”

साहेबांनी लिहिलं, ‘रिकामे असताना शैक्षणिक साहित्य. तूर्त भरलेले.’

“सायेब, मोजा ना आधी!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. “बोलण्यात टायम कावून घालवता?”

साहेबांची मापं कचेरीत राहिली होती. संस्थेचं दुधाचं एक लिटरचं माप आणलं गेलं. साहेबांनी त्याचा शिक्का उन्हात धरून तपासला. मग डब्यातलं पाणी एकेक माप दुसऱ्या डब्यांत ओतणं सुरू झालं. थेंब सांडू नये म्हणून खाली परात धरलेली. गाव मोठ्यानं मोजत होतं. वीस. एकवीस. बावीस. सर पुढे झाले. आता अर्ध्याच्या आत संपणार होतं.

तेवीस, गाव म्हणालं. चोवीस.

पंचवीस पूर्ण भरलं. सव्विसावं काठाला थोडंसंच कमी राहिलं, आणि डबा रिकामा झाला.

“पंचवीस पूर्णांक नऊ,” साहेब म्हणाले.

सगळ्या गावापुढे सरांनी स्वतःच्या तोंडानं बावीस पूर्णांक चार सांगितले होते. अकरा वर्षांच्या मास्तरकीत त्यांचा आकडा कधी चुकला नव्हता. शिवकन्येनं पदर तोंडाला लावला. केसरबाई शेजारणीला म्हणाली, “बया, मास्तर बी?”

ते तीन शब्द सरांना पाटलाच्या सगळ्या भाषणापेक्षा जास्त लागले. आणि मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

“पंचवीस पूर्णांक नऊ?” त्यांनी खिशातून तापमापक काढला, टाकीच्या सावलीत धरला. त्रेचाळीस अंश. खडू काढला आणि टाकीच्या भिंतीवर लिहायला सुरुवात केली. बावीस पूर्णांक चार हे शून्य अंशाला. इथं त्रेचाळीस. दोनशे त्र्याहत्तरात त्रेचाळीस मिळवले, तीनशे सोळा. गुणिले, भागिले. “बरोबर आहे!” ते ओरडले. “पंचवीस पूर्णांक नऊ! अगदी बरोबर! आपल्याकडच्या उन्हात एक मोल हवा एवढीच जागा घेते! दाबाचं तेवढं सोडून द्या, पण डबा बरोबर आहे!”

गाव आ वासून बघत होतं.

“ऐकलं का सायेब,” राधाकिशन पाटील म्हणाले. “कबूल केलं. वर खूश हाय.”

सर एकदम भानावर आले. खडू हातात तसाच राहिला. हवेचं बरोबर आलं होतं. पाणी मात्र नियमापेक्षा जवळजवळ सहा लिटर जास्त गेलं होतं, रोज, सुंदरबाईंच्या दारापर्यंत न पोचलेलं.

“धर्मराजला बोलवा,” ते हळू आवाजात म्हणाले.

धर्मराज हातोडी घेऊनच आला. सरांनी आकृती दाखवली. अठ्ठावीस पूर्णांक दोन कुठे आणि हा कुठे?

“बोटभर जास्ती दिलंय, सर,” धर्मराज म्हणाला. त्यात त्याला लपवण्यासारखं काही वाटलं नाही. “मी पाण्याच्या भांड्यात कमी करत न्हाई. माझ्या बापानं बी केलं न्हाई. आकृतीवर बोटभर वर धरायचं, गिऱ्हाईक शिवी देत न्हाई.”

“बोटभर कुठं?”

“चौफेर. लांबीत बोट, रुंदीत बोट, उंचीत बोट.”

तीन बोटांचे साडेतीन लिटर. सरांनी मनात गुणाकार केला आणि तो पूर्ण व्हायच्या आतच त्यांच्या पाठीतून त्रेचाळीस अंशांत गार शिरशिरी गेली.

“धर्मराज,” ते म्हणाले, “संस्थेचे चारशे ऐंशी डबे?”

“त्यालाबी दिलंय की! पत्रा संस्थेचा, पाणी सरकारचं, माझं काय जातंय? लोकं दुवा देतील.”

सगळ्यात जवळचा भरलेला डबा चेअरमनचाच होता. पाटील “त्याची काय गरज न्हाई” म्हणेपर्यंत साहेबांनी माप बुडवलं होतं. या वेळी गाव मोठ्यानं मोजत नव्हतं. वीस झाले, एकवीस झाले. बावीस. तेवीस. आणि वर पाव.

साहेबांनी दुसरा डबा मोजला. तेवढाच. तिसरा. तेवढाच. चौथ्याला हात घातला तर त्याची मालकीण डबा उचलून चालू लागली.

सर भिंतीवरच्या मोलच्या शेजारी दुसरं गणित मांडत होते. घरटी साडेसेहेचाळीस. दहा हजार भागिले साडेसेहेचाळीस. दोनशे पंधरा. खाली त्यांनी रेघ मारली आणि वजाबाकी केली. पंचवीस घरं.

दोन महिने ते भेग शोधत होते. ती टाकीला नव्हती. प्रत्येकाच्या डोक्यावर होती, आणि डबा डोक्यावर चढवताना आज जरा जडच लागतोय, असं दोनशे पंधरा घरांत एकालाही वाटलं नव्हतं.

सरांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि साहेबांसमोर मांडलेल्या टेबलावर ठेवली.

“आकृती माझी. डबे मी ताब्यात घेतले. एकही मोजला नाही, गणित केलंय म्हणून. पंचवीस घरांचं पाणी माझ्या हातून गेलं.”

राधाकिशन पाटलांचा हात शिट्टीकडे गेला. त्याच क्षणी दुसऱ्या गटाचा एक हात दुसऱ्या बाजूनं आला. दोन्ही हात टेबलावर समोरासमोर थांबले.

“ठिवा खाली!” सुंदरबाई गर्दीतून वाट काढत आल्या. “दोघं बी. ह्यो चुकला, त्यानं तोंडानं सांगितलं. तुमी तेवीस लिटर नेत व्हता, सांगितलं कधी? आन ह्यानं अर्ज तरी केला आमच्यासाठी. तुमी तवा काय करत व्हता, पाटील?”

“आमाला काय ठावं, डबा मोठा हाय ते...”

“तुमच्या संस्थेत दूध घालायला आले तर फेस बी मोजून काढत व्हता. तवा बरं ठावं असायचं.”

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. सुंदरबाईंनी शिट्टी उचलली आणि सरांच्या हातावर आपटली. “घाल. आन हितनं फुडं खालून सुरू कर. आमच्या आळीकडून.”

पंडितसाहेबांसमोर वेगळाच पेच होता. एकच बेशिक्का डबा असता तर त्यांनी तो जप्त केला असता. आता चारशे ऐंशी डबे झाले होते, आणि जीपमध्ये मागे फक्त दोन माणसांची जागा. त्यांनी बराच वेळ कागदाकडे बघितलं आणि शेवटी ‘डब्यांना वीस लिटरवर रेघ ओढावी’ असं लिहून सही केली. जाताना त्यांनी सरांना बाजूला घेतलं.

“सर, ते तापमानाचं. म्हणजे आमची जुनी मापं पण उन्हाळ्यात...?”

“ते वायूचं आहे, साहेब. धातूचं फार कमी.”

“फार कमी म्हणजे किती?” साहेब काळजीत म्हणाले, आणि जीपमध्ये बसेपर्यंत काळजीतच होते.

दोन दिवस सर आणि धर्मराज तांबड्या ऑइलपेंटचा डबा घेऊन घरोघर फिरले. प्रत्येक डब्याच्या आत काठाखाली रेघ. लोक दाराशी डबे आणून द्यायचे आणि दुसरीकडे बघायचे. काहींनी डबा हरवल्याचं सांगितलं. सर म्हणायचे, हरवलाय तर रांगेत कसा येईल, आणि मग तो सापडायचा. धर्मराज प्रत्येक रेघ ओढताना एकदा तरी म्हणायचाच, “सर, हितं नगं, बोटभर वर ओढू का?” सर नाही म्हणायचे. चारशे ऐंशी वेळा.

तिसऱ्या दिवशी सरांनी शिट्टी वाजवली ती खालच्या आळीकडे तोंड करून. सगळ्यात पहिल्या सुंदरबाई. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्या नळाच्या इतक्या जवळ आल्या होत्या. पहिला डबा रेघेपर्यंत भरला. दुसरा खाली ठेवला आणि तो भरता भरेना. पाणी बुडातून वाहत जाऊन त्यांच्या पायांना लागलं तेव्हा सरांनी झडप घालून नळ बंद केला.

“सुंदरबाई, याला बुडाला भोक आहे!”

“असंल,” सुंदरबाई म्हणाल्या. “त्यात कधी पाणी आलंच न्हाई. मला कसं कळावं?”

रांग थबकली. धर्मराज भोक बघायला वाकला आणि वर बघायचंच टाळत राहिला. सांधायला भट्टी पेटवावी लागणार, म्हणजे उद्यावर गेलं. दोनशे एकोणचाळीस घरं मागे उभी होती.

सरांनी शिवकन्येकडे बघितलं. तिनं रांगेतून आपला मोठा डबा पुढे सरकवला. आत तांबडी रेघ होती, इतरांपेक्षा जरा खाली. सरांनी तो दोन्ही हातांनी उचलून सुंदरबाईंपुढे धरला. शनिवारी वर्गात न्यायचा म्हणून त्यांनी तो कालच पुसून कोरडा केला होता.

सुंदरबाईंनी डबा फिरवून बघितला. आत डोकावल्या, वास घेतला. “यात काय ठिवत व्हता, मास्तर?”

“हवा,” सर म्हणाले.

सुंदरबाईंनी डबा पालथा केला, दोनदा झटकला, आणि नळाखाली लावला.